हद्दीचा देव गंगीच्या मांडीवर

रोह्यात मी एका सरकारी ऑफिसात नकाशे काढते. कुठल्या ते सांगत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, निदान अकरा महिन्यांचं कंत्राट संपेपर्यंत तरी. निडीहून सकाळी यायचं, कॉम्प्युटरवर विहिरी, रस्ते, शाळा, गटारं यांचे ठिपके आणि रेघा टाकायच्या आणि संध्याकाळी घरी जायचं. हेच काम पेणला मितेश करतो. तो हमरापूरचा. त्याच्या घरी तीन पिढ्या गणपती रंगवतात, त्यामुळे हात असा की ओढ्याचं वळणही तो सोंडेसारखं सुबक काढतो. खरा ओढा मग कसाही असो.

मागच्या वर्षी वरून हुकूम आला. सगळ्या तालुक्यांनी आपले नकाशे एकमेकांना द्यावेत, हद्दी जुळवून घ्याव्यात आणि जिल्ह्याचा एकच नकाशा करावा. कल्पना चांगली होती, म्हणूनच ती तीन महिने अडकली. आमच्या दत्तात्रेय साहेबांनी पेणला पत्र लिहिलं की आपली माहिती मिळताच आमची माहिती पाठवण्यात येईल. त्याच आठवड्यात पेणच्या विशाल साहेबांचं पत्र आलं, शब्दाला शब्द तेच. दोन्ही पत्रं फायलींना लागली आणि दोन्ही साहेब एकमेकांची वाट बघत बसले.

शेवटी दोन तालुक्यांचं सहकार्य नागोठण्याच्या एसटी स्टँडवर झालं. मी आणि मितेशने वडापाव खाता खाता पेनड्राइव्ह बदलले. फार तर पाच मिनिटं लागली.

घरी लॅपटॉपवर पेणचा नकाशा रोह्याच्या नकाशाला जोडला तर मध्ये एक पांढरं भोक. दोनशे मीटर रुंद. पेणची हद्द ओढ्याशी संपत होती आणि रोह्याची हद्द पलीकडच्या टेपावरून, म्हणजे टेकाडावरून, सुरू होत होती. ओढा आणि टेप यांच्या मधली जमीन कुणाचीच नव्हती. मी नावं तपासली आणि माझं डोकंच फिरलं. त्या भोकात करंजवाडी होती.

करंजवाडी म्हणजे कातकऱ्यांची एकतीस घरं. मला ती वाडी माहीत होती ती गंगीमावशीमुळे. साठीच्या पुढची, काटकुळी बाई, दर महिन्याला हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसायची. तिला साकव हवा होता. ओढ्यावर चालत जाण्यापुरता साधा छोटा पूल. शाळा, रेशन, एसटी, सगळं ओढ्यापलीकडे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा केरू रेशन घेऊन येताना त्याच ओढ्यात वाहून गेला होता. घरी आता नात राहिली होती, किमया, सहावीत शिकणारी. जून ते सप्टेंबर तिची शाळा बंद, आणि ज्या दिवशी पोरगी ऐकायची नाही त्या दिवशी गंगीमावशी काठावर जीव मुठीत धरून उभी.

आमच्याकडे तिला सांगायचे की वाडी पेणमध्ये येते. पेणला सांगायचे, रोह्यात जा. मीसुद्धा तिला एकदा स्क्रीन फिरवून दाखवलं होतं की बघ मावशी, तुझी वाडी आमच्या रेघेबाहेर आहे. मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. ती आठवण झाली आणि मला माझीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी आणि मितेश वाडीवर गेलो. मार्च महिना, ओढ्यात घोटाभर पाणी. काठावर एक शेंदूर फासलेला दगड होता, दोन नारळांएवढा, समोर सुकलेली फुलं. मितेशने मोबाइलवर पेणच्या मोजणीचा जुना फोटो उघडला. हाच दगड, हाच काठ. जुन्या कागदात दोन्ही तालुक्यांची हद्द 'शेंदऱ्या देवापासून' अशी लिहिलेली आहे, त्यामुळे मोजणीवाल्यांनी यंत्र देवाशेजारी ठेवलं, बिंदू घेतला आणि निघाले. मी आमच्या मोजणीचा फोटो उघडला. त्यात देव टेपावर, करंजाच्या झाडाखाली.

मला वाटलं देव दोन असतील. मितेश खाली वाकला, दगडाभोवती फिरला आणि म्हणाला की देव एकच आहे. डाव्या अंगाचा टवका उडालाय, त्यावरचा शेंदूर ओघळून खाली गाठ झालीय, आणि दोन्ही फोटोंत ती गाठ तीच आहे. या बाबतीत मी हमरापूरच्या माणसाशी वाद घालत नाही.

तेवढ्यात गंगीमावशी आली. तिला विचारलं, तर तिला आमच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. देव ओढ्यावरचाच, ती म्हणाली, पण पावसात ओढा तिथवर चढतो. म्हणून पाऊस लागला की वाडीची माणसं त्याला उचलून टेपावर नेतात आणि दिवाळी झाली की वाजतगाजत परत खाली आणतात. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून असंच.

"पान्यात ठेवायचा काय त्याला?" ती म्हणाली. "देव हाय तो, म्हस नाय."

पेणवाल्यांनी मोजलं मे महिन्यात, आमच्यावाल्यांनी ऑगस्टमध्ये. दोघांचंही बरोबर. उपग्रहावरून चुकीला वाव नाही असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण देव वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवतो हे उपग्रहाला कोण सांगणार? मी आणि मितेश त्या काठावर बसून पोट धरून हसलो. गंगीमावशी हसली नाही. तिने एवढंच विचारलं की मग आमची वाडी कुठली.

खरी मजा पुढे झाली. मेच्या शेवटी जिल्ह्याच्या बैठकीत तो नकाशा मोठ्या पडद्यावर लागणार होता, आणि हद्दीत भोक नाही, एकावर एक चढलेली रेघ नाही, असा दाखला दोन्ही साहेबांच्या सहीने जोडायचा होता. बैठकीच्या आदल्या दिवशी दोघे साहेब मला आणि मितेशला घेऊन आपापल्या जीपमधून करंजवाडीला आले. देव जिथे असेल तिथे दोघांसमोर यंत्र लावायचं, बिंदू घ्यायचा आणि सही करून जेवायला जायचं असं ठरलं होतं. विशाल साहेबांचं म्हणणं देव मूळचा खालचा, म्हणजे वाडी रोह्याची. दत्तात्रेय साहेबांचं म्हणणं देव चार-पाच महिने वर असतो, तर वरचं का धरू नये, म्हणजे वाडी पेणची. दोन तालुके जमिनीच्या तुकड्यासाठी भांडतात हे मी ऐकलं होतं. तुकडा दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी भांडतात हे त्या दिवशी पाहिलं.

आणि देव जागेवर नव्हता.

गंगीमावशी करंजाच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि देव तिच्या मांडीवर होता. वाडीची बाकी माणसं मागे उभी. साहेबांनी आधी गोडीत सांगितलं, मग जरा आवाज चढवला. वाडीचा भगत काळुराम पुढे होऊन म्हणाला की देवाला हात लावायचा तर लावा, पण पुढचं आम्ही बघणार नाही. साहेब लोक दोन पावलं मागे सरले. नकाशे उपग्रहावरून काढले तरी भीती जमिनीवरचीच असते.

"जो साकव लिवून देल, त्याच्या हद्दीत ठेवीन," गंगीमावशी म्हणाली. "तवर हितंच."

विशाल साहेब म्हणाले की प्रस्ताव पाठवू. गंगीमावशीने पिशवीतून कागद काढून त्यांच्या पुढ्यात एकेक करून मांडले. अकरा पत्रं. काही पेणची, काही आमची. सगळ्यांत तेच, प्रस्ताव आणि पाठपुरावा. विशाल साहेब जीपकडे फोन शोधायला गेले ते तिकडेच रेंगाळले.

राहिले आमचे साहेब. डोक्यावर टोपी नाही, कपाळावरून घाम गळतोय. मी त्यांच्या शेजारी उभी राहून हळूच सांगितलं की सर, उद्या पडद्यावर भोक दिसलं तर पहिली सही तुमची आहे. कंत्राटी माणसाने साहेबाला घाबरवू नये हे मला माहीत आहे. मला त्याचं काहीही वाईट वाटलं नाही. ती अकरा पत्रं बघून मला इतका राग आला होता की कंत्राट गेलं तरी चालेल असं वाटत होतं.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं. सही केली, शिक्का मारला, गंगीमावशीला दिला. तिने तो किमयाकडे दिला. दोन वेण्या घातलेल्या त्या पोरीने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं: "करंजवाडी येथील साकव यंदाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेण्याचा प्रयत्न करण्यात येईल."

"परयत्न नको," गंगीमावशी म्हणाली. "परयत्न पिशवीत अकरा हायेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी 'घेण्याचा प्रयत्न करण्यात येईल' एवढं खोडलं, वर 'घेण्यात आला आहे' असं लिहिलं आणि खाडाखोडीवर दुसरी सही केली. मग स्वतःची अट घातली. देव आता सरकारी खूण झाला, तो पुन्हा हलवायचा नाही, सिमेंटमध्ये पक्का बसवायचा. वाडीत कुजबुज झाली. काळुरामचा चेहरा उतरला. गंगीमावशीने थोडा विचार केला.

"साकव हुईपरेंत देव आमचा," ती म्हणाली. "मंग घाला शिमिटात."

तिने देव उचलला, ओढ्याच्या काठावर त्याच्या मूळ जागी ठेवला, आणि मितेशने यंत्र लावून बिंदू घेतला. करंजवाडी रोह्याची झाली. विशाल साहेबांनी पेणचं ओझं उतरल्यासारखा खिशातून रुमाल काढून मान पुसली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नकाशा अखंड दिसला. आंतरतालुका समन्वयाबद्दल दोन्ही साहेबांचं कौतुक झालं. वडापावचा उल्लेख कुणी केला नाही.

त्या पावसाळ्यात किमयाची शाळा पुन्हा बुडाली, हेही सांगायला हवं. यादीतला पहिला क्रमांक म्हणजे साकव नव्हे. देवही नेहमीसारखा टेपावर गेला. पण दिवाळीनंतर खडी पडली, आणि यंदाच्या मेमध्ये साकव उभा राहिला. लोखंडी कठड्याचा, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. त्याच्या रोह्याकडच्या पायथ्याशी देवाला चौथरा करून सिमेंटमध्ये बसवला. काळुरामने नारळ फोडला आणि घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही म्हणतात.

जुलैत काम पूर्ण झाल्याचा फोटो काढायला मी गेले. तीन दिवस पाऊस धरून होता. ओढा तांबडा, फुगलेला, लाकडं घेऊन चाललेला. चौथरा दिसतच नव्हता. देव होता तिथे पाण्याला फक्त एक भोवरा पडत होता. काळुराम काठावर उभा राहून हात चोळत होता. मला म्हणाला, बाय, साहेबाला सांग, पहार घेऊन फोडतो, रात गेली तरी चालेल, पण देवाला बाहेर काढू दे. म्हातारा रडायच्या बेताला आला होता. नकाशाचा तो बिंदू मीच पक्का केला होता.

किमया दप्तर पाठीला लावून साकवावरून पलीकडे चालली होती. मध्यावर थांबून तिने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, मग धावत सुटली. गंगीमावशी आमच्याजवळ आली. इरल्यातून पाणी निथळत होतं.

"राहूं दे त्याला, काळुराम," ती म्हणाली.

काळुराम म्हणाला, गो, देव बुडलाय.

"केरूनं त्या दिशी सकाली त्याला खांद्यावर घेतला," गंगीमावशी पाण्याकडे बघत म्हणाली, "टेपावर नेला, कोरड्यात बसवला, आनि मंग रेशनला गेला. देव कोरडा रायला. माजा माणूस नाय रायला." तिने साकवाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. किमया रस्त्याला लागली होती. "आता एक पावसाला त्यानं खाली रावं."