कोपरा धरणारा हात

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर लोंबकळणारा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. मी फोटो स्टुडिओतला पडदा. माझ्या अंगावर एक दुमजली बंगला आहे. बंगल्याला जिना आहे, जिन्याशी लाल कुंडी आहे आणि पुढे तळ्यात दोन हंस आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यात ज्याला म्हणून बंगल्यासमोर उभं राहून फोटो काढायची हौस होती, तो माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. खराखुरा बंगला तेव्हा होता कुणाकडे?

मला रंगवलं एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने. महिपत फोटोग्राफरने जाड मांजरपाट शिवून त्याच्यापुढे टाकलं आणि सांगितलं, "ह्याच्यावर श्रीमंती काढ." बंगला त्याने झकास काढला. हंसांशी मात्र त्याचं जमलं नाही. जन्मात त्याने हंस पाहिला नव्हता, भाताच्या खाचरातले बगळे रोज पाहत होता. म्हणून माझे हंस पोहायचं सोडून लांब पायांवर उभे आहेत आणि त्यांची नजर बेडूक शोधते आहे. नजर म्हणजे एकाचीच, कारण दुसऱ्याला डोळाच नाही. पेंटर जेवायला म्हणून गेला तो परत आला नाही. महिपत म्हणाला, "र्‍हाऊ दे. लोक फोटोत माणसं बघतात, मागचं कोन बघतंय?" मला ते तेव्हाच लागलं होतं.

पण दिवस चांगले होते. नवी जोडपी माझ्यापुढे हातभर अंतर ठेवून उभी राहायची आणि महिपत त्यांना "सरका की जरा, भांडलाव काय?" म्हणून जवळ आणायचा. बाळं रडायची, आणि मग एका डोळ्याचा हंस दाखवला की गप्प व्हायची. उसनं घड्याळ लावून आलेला तरुण मनगट मुद्दाम पुढे धरायचा. ही सगळी माणसं घरी गेली, भिंतीवर लागली, आणि त्यांच्या मागे मीही लागलो. कुठल्या कुठल्या पाड्यांवरच्या भिंतींवर मी आहे, ते मलाही ठाऊक नाही.

पौषात म्हसा गावात म्हसोबाची जत्रा भरली की महिपत मला गुंडाळून खांद्यावर टाकायचा आणि तिथे दोन बांबूंमध्ये बांधायचा. एकीकडे बैलांचा बाजार, दुसरीकडे घोंगड्यांची दुकानं, आणि मधे माझा बंगला. एका वर्षी वाऱ्याला चेव आला होता. डोळखांबकडचं एक कुटुंब फोटोला आलं होतं. बायको आणि लहान मुलगी बाकावर बसल्या, नवरा त्यांच्यामागे उभा राहणार, एवढ्यात माझ्या उजव्या कोपऱ्याचं दोरीचं भोक टर्रकन फाटलं आणि मी फडफडायला लागलो. त्या माणसाने पुढे होऊन माझा कोपरा मागच्या बाजूने मुठीत पकडला; पुढून त्याची बोटं तेवढी दिसत राहिली.

"तुमी ह्यांचा काढा. मी धरतो," तो म्हणाला.

"आन् तुमचा, भगीरथराव?" महिपतने विचारलं.

"माजा मंग काढू."

महिपतने बटण दाबलं, रोल पुढे सरकवायला चावी फिरवू लागला, तर ती फिरेना. रोल संपला होता. "पुढल्या जत्रंला तुमचा पयला," महिपत ओशाळून म्हणाला. भगीरथ हसला आणि मला बांबूंवरून पुरतं सोडून होईपर्यंत कोपरा धरून राहिला. उन्हाने तापलेला, मातीने खरबरीत झालेला हात होता तो. एका बोटाचं टोक कधीतरी विळ्याने गेलं होतं, त्यामुळे त्याच्या पकडीत एक जागा मोकळी लागायची. मित्रांनो, मला पुष्कळांनी गुंडाळलं आणि झटकलं आहे. पण इतकं मनापासून घट्ट मला दुसऱ्या कुणी धरलं नाही.

पुढल्या जत्रेला तो आला नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.

पुढे रंगीत रोल आले, मग रोलच गेले. महिपत गेला आणि त्याचा मुलगा संदेश गल्ल्यावर बसला. संदेश गुणी आहे, पण त्याने कॉम्प्युटर आणला आणि माझं नशीब फिरलं. माणसाला कुठल्याही भिंतीपुढे उभं करावं, मागचं एका बोटाने पुसावं आणि हवा तो देखावा चिकटवावा. मला त्याने माळ्यावर टाकलं. झेरॉक्सच्या कागदाचे खोके माझ्यावर आले, पाली आल्या, उंदरांनी बंगल्याच्या गच्चीत घरटं केलं. माझा काठ तेवढा माळ्यावरून खाली लोंबत राहिला. त्या काठावर डोळा असलेला हंस होता, हे माझं भाग्य. त्याच्यामुळे मला दुकान दिसत राहिलं.

आणि म्हणून मला ती रविवारची मंडळीही पाहायला मिळाली. फोटो सुधारायचा नाद असलेली ही मंडळी. त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपचं नाव 'सुधारून दाखवा'. सोमवारी कुणीतरी एक फोटो टाकायचा, आठवडाभर ज्याने त्याने तोच फोटो आपापल्या परीने सुधारायचा, आणि रविवारी संध्याकाळी संदेशच्या दुकानात जमून सगळे फोटो मोठ्या टीव्हीवर पाहायचे. ज्याने फोटो दिला तो निकाल देणार. हरणाऱ्याने तोंड पाडायचं नाही आणि जिंकणाऱ्याने भजी आणायची, हे दोनच नियम. जिंकायचं आणि वर भजीही आणायची, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, असं दिपेश म्हणायचा. पण जिंकायची हाव सगळ्यांनाच होती.

दिपेश टेम्पो चालवतो. मागे बर्फाचे डोंगर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. वैशाखरे गावच्या एका म्हशीलाही त्याने बर्फात उभी केली होती, आणि ती बिचारी थंडीने काकडलेली वाटत होती. शेणवे गावचा साईनाथ पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. त्याचं काम इतकं सफाईचं, की निम्म्या रविवारी भजी त्याचीच असायची. मला या मंडळींचा लळा लागला होता. राग एकाच गोष्टीचा यायचा. फोटो कुठलाही असो, प्रत्येकाचं पहिलं काम मागचं काढून टाकायचं. काढा बाबांनो, मी वरून म्हणायचो, आमचा जन्म त्याचसाठी आहे.

अंगणवाडीत शिकवणारी रेश्माही त्यांच्यातलीच. एकदा फोटो द्यायची पाळी तिची आली, आणि तिने पिशवीतून एक जुनी फ्रेम काढली.

"आईच्या लहानपनीचा हाय. आजी आन् आई," ती संदेशला म्हणाली. "आईला सांगितलं, काच पुसून आनते. रविवारी तिलाच हितं बसवू. निकाल तिनंच द्यायचा."

माझ्या हंसाने खाली पाहिलं, आणि मित्रांनो, मला भडभडून आलं. तो मीच होतो. तोच बंगला, बाकावर तीच बाई, तीच मुलगी, आणि उजव्या कडेला, कुंडीच्या अंगावर, तीच बोटं. पण काचेखाली बुरशी धरली होती. ज्याला माहीत आहे त्यालाच ती बोटं दिसली असती. बाकीच्यांना तो डागच वाटणार.

फोटो काचेला चिकटला होता. संदेशने आधी काचेसकट स्कॅन करून घेतला. मग रेश्मा तो हलक्या हाताने सोडवायला लागली, तर उजवी कड काचेलाच राहिली आणि खरवडताना तिचा भुगा झाला. रेश्मा घाबरली.

"कडच हाय गो," संदेश म्हणाला. "मधे काय नाय झालं." आणि त्याने फुंकर मारून तो भुगा उडवला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बोंब मारायला मला तोंड नव्हतं. एका माणसाचा होता नव्हता तेवढा हात आता त्या एका स्कॅनमध्ये उरला होता, आणि तो पुसायला सगळी हुशार मंडळी कामाला लागली होती.

रविवारी रेश्मा आईला घेऊन आली. चंद्रकला तिचं नाव. खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि सगळ्यांकडे कौतुकाने पाहत होती. बाकावरची ती मुलगी मी लगेच ओळखली. हनुवटी तीच होती.

एकेक फोटो टीव्हीवर आला. दिपेशने मायलेकींना बर्फात बसवलं होतं. आणखी कुणी मागे माळशेजचा धबधबा सोडला होता. शेवटी साईनाथचा आला, आणि सगळे टीव्हीकडे सरकले. त्याने या खेपेला मला काढलं नव्हतं. बंगला ठेवला होता, हंस ठेवले होते, आजीच्या नथीचा मोती न् मोती उजळला होता. एकही डाग उरला नव्हता. माझी लाल कुंडी त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत कशी काळीभोर, स्वच्छ.

"हाच पयला. बरोबर ना मावशी?" दिपेश म्हणाला.

चंद्रकला उठून टीव्हीजवळ गेली. फोटोच्या उजव्या कडेला तिने बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"लई छान केलाव रे पोरांनो," ती म्हणाली. "पन बाबा कुठं गेले?"

कुणालाच काही कळेना. रेश्मा म्हणाली, "आई, आजोबा नाय ह्यात. तू आन् आजीच हाय."

"हायेत. हितं त्यांची बोटं होती. वाऱ्यानं पडदा उडत होता, तो त्यांनी धरला होता. त्याच वर्षी भातकापनीला ताप भरला आन् गेले. त्यांचा दुसरा फोटो नाय, कागदावर कुठंच नाय. मी लहान होते तर आई मला उचलून घ्यायची, हितं बोट लावायची आन् सांगायची, हा तुजा बाबा."

"मला कदी बोलली नायस," रेश्मा म्हणाली.

"काय बोलू? चार बोटं दाखवून सांगू, हे तुजे आजोबा? हसली असतीस."

रेश्माने पिशवीतला मूळ फोटो काढून आईच्या हातात दिला. चंद्रकलाने तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. रेश्मा तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. संदेश खाली पाहत होता. भुगा त्यानेच उडवला होता.

साईनाथने मग पहिला स्कॅन उघडला आणि कड मोठी केली. टीव्हीभर पांढुरकी बुरशी पसरली. "ह्याच्यात बोट कुठलं आन् डाग कुठला, कसं वळखायचं?" तो म्हणाला. "मागं काय होतं तेच म्हाइत नाय."

मागं काय होतं. मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता.

संदेशने वर पाहिलं. "अरे, पडदा हाय की!"

खोके खाली आले, उंदीर पळाले, आणि मला दुकानात उलगडलं. सगळे शिंकले. मला लाज वाटली, पण ती थोडा वेळच. संदेशने उजवा कोपरा फडक्याने पुसला तशी लाल कुंडी वर आली, आणि तिच्याशेजारी ते फाटलेलं भोक. त्याने माझा फोटो काढला आणि साईनाथने तो जुन्या स्कॅनशेजारी टीव्हीवर लावला. मग सगळे मिळून पाहायला लागले. कुंडीवर माझा रंग जिथे जसा आहे तसा स्कॅनमध्ये दिसतो, ती जागा सोडायची. गोल ठिपके बुरशीचे, तेही सोडायचे. उरले चार लांबट फिकट पट्टे.

साईनाथने ते हळूहळू वर आणले. घाई केली नाही. शेवटी मोबाइलमधल्या कुठल्याशा हुशार सोयीला सांगितलं, हात स्पष्ट कर. तिने क्षणात केला. चार बोटं आली, गोरी, लांबसडक आणि सारखी.

"हे बाबा नाय," चंद्रकला म्हणाली. "त्यांचं हे बोट आखूड होतं. इळा लागलेला."

साईनाथने मान हलवली, ते सगळं पुसलं आणि पुन्हा हाताने बसला. पट्टे होते तेवढेच ठेवले, एकही वाढवला नाही. सांध्यांशी सावली आली, मातीने भरलेली नखं आली, आणि एक बोट मधेच थांबलं. चंद्रकला पदर तोंडाशी धरून म्हणाली, "हां. आता आले."

त्या रविवारी पहिला नंबर कुणालाच मिळाला नाही. भजी मात्र आली, आणि कुणी आणली ते कुणी विचारलं नाही.

मला माळ्यावर परत नेलं नाही. संदेशने धुतलं, ठिगळ लावलं आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलं. बिनडोळ्याच्या हंसाला डोळा काढू का, असं त्याने एकदा मनाशीच पुटपुटून पाहिलं, आणि मग नको म्हणाला. ग्रुपमध्ये तिसरा नियम आला आहे. काही पुसायच्या आधी, ज्याचा फोटो त्याला विचारायचं.

मित्रांनो, तुमच्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा चांगले बंगले आहेत, हे मी मान्य करतो. फोटो जरूर सुधारा. पण घरातला जुना फोटो हातात आला की आधी तो घेऊन आईजवळ बसा, आजीजवळ बसा, आणि कडेपासून विचारायला लागा. हे काय आहे? हे कोण? मधली माणसं तुम्हाला दिसतातच. त्यांचा फोटो निघावा म्हणून जो बाजूला उभा राहिला, त्याच्याबद्दल सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

पुढल्या आठवड्यात चंद्रकला तो फोटो फ्रेम करून न्यायला आली. संदेश म्हणाला, "मावशी, बसा पडद्यापुढं. तुमचा आन् रेश्माचा काढतो." त्याने भोकात दोरी ओवायला घेतली.

"नको बांधू," चंद्रकला म्हणाली. "रेश्मा, तू बस. मी धरते."

ती बाजूला गेली, आणि माझ्या उजव्या कोपऱ्याला मागून मूठ बसली. खरबरीत, घट्ट, तीच. फक्त या वेळी कुठेही जागा मोकळी लागली नाही.