पेन्याल्बातलं भाड्याचं घर

पेन्याल्बाला गाडी पोचली तेव्हा सगळं गाव दुपारच्या झोपेत होतं. खिडक्या बंद, चौकातला बारही बंद. आठवड्यासाठी भाड्यानं घेतलेल्या घरासमोर अंपारो आणि तिचा नवरा फेर्मीन सामान घेऊन उभे राहिले. दाराला कुलूप. किल्ली घेऊन येणाऱ्या बाईचा पत्ता नव्हता.

"ना समुद्र, ना सावली," फेर्मीन म्हणाला. "हे गाव तुला कुणी सुचवलं?"

"डॉक्टर म्हणाले ना, डोंगराची हवा घ्या."

"डोंगर काय आपल्या वायादोलिदजवळ नव्हते?"

अंपारोनं हातातली बॅग दाराशी ठेवली. ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली, पुन्हा गेली. प्रत्येक दार ती निरखून बघत होती. यातल्याच कुठल्यातरी घरात त्या दोघांची मुलगी मायते राहत होती, आणि हे फेर्मीनला ठाऊक नव्हतं.

मायतेचं लग्न फेर्मीननं त्याच्या भागीदाराच्या मुलाशी मोठ्या हौसेनं लावलं होतं. ते मोडून ती या गावातल्या एका गवंड्याबरोबर राहायला निघून आली. भागीदारी तुटली, दुकान गेलं. ती निघताना फेर्मीन तिला म्हणाला होता, "मला आता मुलगी नाही." तेव्हापासून तिचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

शेवटी एक ठेंगणी, जाडसर बाई पंख्यानं वारा घेत आली. "रागावू नका हं, डोळा लागला," ती कुलूप काढत म्हणाली. "मी कासिल्दा. या, आत गारवा आहे. आमच्या भिंती जाड आहेत, आमच्या नवऱ्यांच्या डोक्यांसारख्या."

कासिल्दानं स्वयंपाकघर दाखवलं, टोमॅटो आणि पाव टेबलावर ठेवल्याचं सांगितलं. तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"घर कसं लख्ख आहे बघा. हे सगळं मायतेचं काम. किल्ली द्यायला तीच येणार होती. काल पाहुण्यांचं नाव वाचलं आणि चेहराच उतरला तिचा. म्हणाली, कासिल्दा, उद्या तू जा."

अंपारोनं नवऱ्याकडे पाहिलं. फेर्मीन खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही.

कासिल्दा गेल्यावर त्यानं दोन्ही बॅगा उचलल्या आणि सरळ गाडीत नेऊन ठेवल्या. अंपारो मागोमाग गेली.

"मला फसवून आणलंस."

"हो. विचारलं असतं तर आला असतास का?"

"चल, बस गाडीत."

"मी नाही येणार. तुला जायचं तर जा."

फेर्मीन गाडीत बसून राहिला. दार उघडंच. गाडीही सुरू करेना, उतरेही ना. अंपारो घरात परतली आणि या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. कपाट उघडलं, लावलं. एकदा वाटलं, बाहेर जाऊन विचारावं मायते कुठे राहते. पण ती दारापर्यंत जाऊन परत आली. झोपायच्या खोलीत ती पलंगाशी थांबली.

चादर तीन बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली होती. फक्त पायाशी, डावीकडे, मोकळी सोडली होती. फेर्मीनला पाय अडकलेले सहन होत नसत; घरी ती बाजू नेहमी मोकळीच असे.

तिनं दारातूनच हाक मारली, "फेर्मीन, पलंग बघ येऊन."

"पलंगात काय बघायचंय?"

"ये तर."

तो कुरकुरत आला. पायथ्याशी बराच वेळ उभा राहिला. मग कडेला बसला आणि मोकळा कोपरा बोटांत चुरगळत राहिला. बॅगा मात्र गाडीतच होत्या.

ऊन उतरल्यावर गावाला जाग आली. लोक खुर्च्या काढून दारात बसले. तेवढ्यात दारावर थाप पडली. फेर्मीन जवळ होता, त्यानंच उघडलं.

मायते. केस आखूड केलेले, हाताच्या कातडीला साबणानं भेगा पडलेल्या. तिनं बापाकडे न बघता त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"बॉयलर नीट चालतो का बघायला आले. कधीकधी बंद पडतो."

रस्त्यापलीकडच्या खुर्च्यांवरची बोलणी थांबली होती.

"पाणी गरम होत नाही," फेर्मीन म्हणाला. त्यानं नळाला हातही लावला नव्हता.

तो बाजूला सरकला. मायते आत आली, अंपारोच्या दंडाला ओझरता हात लावून न्हाणीघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. फेर्मीन गाडीची किल्ली मुठीत धरून न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत जाईना, माघारीही येईना. अंपारो स्वयंपाकघरात परक्या कपाटांतून कॉफीचे कप शोधू लागली.

"चालतोय की," आतून मायतेचा आवाज आला.

"थोडा वेळ बघ अजून," फेर्मीन म्हणाला.