कोर्टातल्या मागच्या बाकाची साक्ष

मी एक जुना बाक आहे, पण शाळेतला नव्हे. इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या हॉल्मली गावच्या कोर्टात, अगदी मागच्या भिंतीला लागून मी उभा असतो. ज्या सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं, त्याने माझी पाठ मुद्दाम ताठ ठेवली. कोर्टात कुणी आरामात बसू नये, असं त्याचं मत होतं. नव्वद वर्षं लोक माझ्यावर चुळबुळत बसताहेत, म्हणजे काम चोख झालं म्हणायचं.

मित्रांनो, माझ्यावर बसून शिक्षाही भोगता येते. ज्याला दंड भरणं खरोखरच झेपत नाही, त्याला आमचे दंडाधिकारी कधी कधी सांगतात, "कोर्ट उठेपर्यंत मागे बसा." तेवढं बसलं की दंड फिटला. ऐकायला सोपं वाटतं. बसून पाहा!

एकोणीस वर्षांपूर्वी विल्फ टॉर्डॉफ असाच बसला होता. रग्बीचा सामना हरल्याच्या रागात त्याने पबची खिडकी फोडली होती. दंड झाला दोनशे पौंड, आणि तो कामाला होता ती गिरणी नुकतीच बंद पडलेली. दहा ते चार बसून तो सुटला. पण त्या दिवशीच्या कारकुनाला गाडी गाठायची घाई होती. दंड फिटल्याची नोंद करायची तेवढी राहून गेली.

गेल्या मार्चमध्ये विल्फ परत आला. आता त्याचे केस पिकलेत आणि तो शाळेसमोर मुलांना रस्ता पार करून देतो. त्याच्या हातात कोर्टाचं पत्र होतं: जुना दंड भरा, नाहीतर चौदा दिवस तुरुंग. तुरुंगात गेला की शाळेसमोरचं कामही गेलंच.

"बाईसाहेब, मी फेडलाय तो दंड. तिथं मागं बसून!" दंडाधिकारीबाईंसमोर उभं राहून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

नवा कारकून संगणकातून मान वर न काढता म्हणाला, "नोंद नाही."

"माझ्या कमरेला विचारा की!"

"कंबर पुरावा होत नाही, मिस्टर टॉर्डॉफ."

मी सारं पाहिलं होतं. पण लाकडाला साक्षीला कोण बोलावणार? दंडाधिकारीबाईंनी पेन उचललं आणि माझ्या फळ्या आकसल्या.

तेवढ्यात एनिड लम्ब पुढे आली. सव्वीस वर्षं या कोर्टात नावांचा पुकारा तीच करते. "तारीख कुठली म्हणालास, विल्फ?"

"नऊ ऑक्टोबर."

ती थेट चहाच्या खोलीत गेली आणि त्या वर्षाची निळी वही घेऊन आली. आमच्याकडे चहा वर्गणीतून होतो, आणि कोण किती प्यायलं हे एनिड लिहून ठेवते. तिच्या मते दंड एक वेळ माफ होईल, चहा नाही. तिने खणखणीत वाचलं, "टॉर्डॉफ. मागच्या बाकावर, दंडापायी दिवसभर. साडेदहाला एक चहा, एकला एक, पावणेचारला एक."

"आता काय चहाच्या वहीवर कोर्ट चालवायचं?" कारकून म्हणाला.

बाईंनी वही चाळली. "तुमच्या दप्तरापेक्षा ही बरी ठेवलीय. यांचा दंड फिटला आहे. तसं लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोर्टात टाळ्या वाजवायच्या नसतात, पण बाईंना नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता!

"थांब," एनिडने विल्फला दारात गाठलं. "तिसऱ्या चहाचे वीस पेन्स यायचेत तुझ्याकडून."

त्याने हसत एक पौंड काढला. "उरलेले ठेव, एनिड."

"ठेवू कशाला? वही चुकेल माझी!" तिने ऐंशी पेन्स मोजून त्याच्या हातावर ठेवले. विल्फने घड्याळ पाहिलं आणि धूम ठोकली. शाळा सुटायची वेळ झाली होती.

मित्रांनो, माझ्या फळ्यांना च्युइंग गम चिकटवू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं असं: कुणी आपलं देणं फेडलं, तर त्याच क्षणी तसं लिहून ठेवा. मग गाडी चुकली तरी चालेल.