बाहेरची वाफ

राऊ गावातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून नानांचा बॉयलर एका बुधवारी बाहेर गेला. जागचा हलला मात्र इंचभरही नाही. त्याच्याभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारली, एवढंच.

हे सगळं निवेदितामुळं झालं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला एकेका खोक्यामागं किती धूर निघतो ते छापील हवं होतं, म्हणून कंपनीच्या तुकोगंजच्या ऑफिसातून ही पोरगी आली आणि महिनाभर बॉयलरपाशी स्टूल टाकून बसली.

"नाना, खरा आकडा कोणी देतच नाही हो. तुम्ही तरी द्या ना. तुम्हाला काही नाही होणार, मेरी गॅरंटी."

एकतीस वर्षं कोळसा टाकणाऱ्या माणसाला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. नाना विरघळले. "घे बेटा" म्हणत सुदामा नगरच्या घरून रोजच्या कोळशाची डायरी आणून दिली, वर बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या हातची शंकरपाळी. आकडा साधा होता: दिवसाला चार टन.

तो पाहून मालकांना घाम फुटला. मग तोडगा निघाला. बॉयलर कागदोपत्री मालकांच्या साडूंच्या नव्या कंपनीला देऊन टाकला. आता कारखाना वाफ बाहेरून घेतो. आणि बाहेरच्यानं आपला आकडा दिला नाही, तर कॉम्प्युटरमधली सरासरी धरतात, ती बरीच कमी भरते. सरासरी फार सज्जन असते, तिचे हात काळे होत नाहीत.

बॉयलरबरोबर नानाही बाहेर गेले. गुरुवारी सकाळी गेटवर वॉचमन बंटीनं रजिस्टर पुढं केलं. याच बंटीच्या वरातीत नाना गुडघा सुजेपर्यंत नाचले होते.

"किससे मिलना है, नानाजी?"

"बॉयलर से, भिया."

"कारण पण लिहा. सॉरी हां, ऊपर से ऑर्डर है."

नानांनी लिहिलं: वाफ.

कॅन्टीन पट्टीपलीकडं राहिलं. तिथला पोरगा शाम चहा घेऊन पट्टीपर्यंत यायचा आणि हात लांब करून कप द्यायचा, पिंजऱ्यातल्या वाघाला द्यावा तसा. बिनपासाचा फिरत होता तो फक्त धूर.

शुक्रवारी निवेदिता आली. एका हातात पोहे-जलेबीची प्लेट, दुसऱ्या हातात कागद.

"नाना, एक साइन हवी होती. वाफ देणाऱ्यांतर्फे."

नानांनी चष्मा लावला. लिहिलं होतं: कोळशाच्या वापराची नोंद उपलब्ध नाही.

"अगं, नोंद तुझ्याकडंच आहे ना? माझी डायरी?"

"ती वर जमा केली." ती प्लेटकडं बघत म्हणाली. "साइन नाही झाली तर नव्या कंपनीत तुमचं नाव लागणार नाही, नाना. दोनच वर्षं तर राहिलीत रिटायरमेंटला. मी तुमच्यासाठीच सांगतेय."

"ही पट्टी कोणी आखली?"

"नकाशावर... मी. पण पर्सनली नका ना घेऊ."

असं म्हणून तिनं पट्टी ओलांडायला पाऊल उचललं.

"थांबा," नाना म्हणाले. "पास आहे?"

ती हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी नवी कोरी डायरी उघडली, फूटपट्टी न घेता तीन रकाने आखले: नाव, वेळ, कारण.

"ही बाहेरची जागा आहे, मॅडम. आधी एंट्री करा. पूर्ण भरलीत की मी साइन करतो."

'मॅडम' ऐकून तिचा चेहरा पडला. तिनं नाव लिहिलं. वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं, ते थांबलंच. पोहे गार झाले.

नानांनी भट्टीचं दार उघडलं आणि फावडं उचललं.

"सावकाश लिहा. मला अजून चार टन टाकायचेत."