झोपाळ्याखालच्या अठ्ठावीस लाद्या

मित्रांनो, मी एक जुना संच आहे. पण मला शोधायला कपाटे उघडू नका, हाताला काही लागणार नाही. मी लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही. शाळांना आणि बागांना खेळाचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीच्या संगणकात मी राहतो. तिथे कोटेशन बनवण्याचे एक सॉफ्टवेअर आहे. कोणत्या वस्तूबरोबर काय काय द्यायचे, किंमत किती लावायची, कुणाला किती सूट द्यायची, हे त्यात आधीच ठरवून ठेवलेले असते. अशा एकत्र बांधलेल्या वस्तूंना संच म्हणतात. माझे पूर्ण नाव 'झोपाळा, दोन आसनी, लाद्यांसह'. लोक घाईत नुसते 'झोपाळा' म्हणतात आणि मला ते मुळीच आवडत नाही.

स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. कुणी एक आकडा बदलला की मला सगळे पहिल्यापासून मोजावे लागते. उंची वाढवली, मोज. रंग बदलला, मोज. परत पहिलाच रंग हवा झाला, पुन्हा मोज. शेवटी ग्राहक 'बघतो, कळवतो' म्हणून निघून जातो आणि मी अर्धवट मांडलेला तसाच लटकत राहतो. तो कळवणार की नाही, या काळजीने मी झुरतो. त्याला मात्र माझी आठवणही नसते.

मला घडवले ते एका बाईंनी. कंपनीतले सगळे नियम त्याच संगणकात भरत, म्हणून त्यांना 'नियमबाई' म्हणत. झोपाळ्याखाली रबरी लाद्या किती लागतात, हे त्यांनी विचारले तेव्हा एकजण म्हणाला आठ, दुसरा म्हणाला बारा. सगळा अंदाजपंचे कारभार! बाई उठल्या आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत गेल्या. तिथे नमुन्याचा एक झोपाळा उभा होता. बरोबर फिटरमामा होते. झोपाळे जोडण्यात त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. बाईंनी पदर खोचला, झोपाळ्यावर बसल्या आणि उंच झोका घेऊन त्यांनी चक्क उडी मारली.

"मामा, खडू मारा! जिथे पडले तिथे!"

"अहो बाई, हाडं मोडतील!"

"मोडली तर तेही लिहून घ्या. मारा खडू!"

पुढे पाच वेळा, मागे तीन वेळा, बाजूला दोनदा. जमिनीवर खडूच्या खुणाच खुणा झाल्या. त्या सगळ्या झाकायला अठ्ठावीस लाद्या लागल्या. बाई लंगडत परत आल्या आणि त्यांनी माझ्यात नियम लिहिला: झोपाळा घेतला की लाद्या आपोआप येतील, उंचीप्रमाणे येतील आणि कुणालाही काढता येणार नाहीत. आठवडाभर त्या उशी ठेवून खुर्चीत बसत होत्या. माझा जन्म असा झाला, आणि त्याचा मला अभिमान आहे.

सुरुवातीचे दिवस गोंधळाचे होते. माझ्यावर तीन सवलती बसत: शाळेची, जुन्या ग्राहकाची आणि वर्षअखेरची. एकदा तिघी एकदमच येऊन बसल्या. तीन तिघाडा, काम बिघाडा! आख्खा झोपाळा त्याच्या साखळ्यांच्या किमतीला निघाला. ग्राहक खूश, विक्रीप्रमुखांचे तोंड पाहण्यासारखे. मग बाईंनी ठरवून दिले की तिघींपैकी जी मोठी असेल तीच लागेल, बाकीच्या दोघींनी गुमान बसावे. त्या अजूनही कुरकुरतात, पण बसतात.

पुढे माझे कौतुक झाले. पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर मला दाखवत. उंचीचा आकडा बदलला की लाद्यांचा आकडा आपोआप बदले आणि पाहुणे टाळ्या वाजवत. मी फुशारून जात असे, पण तेवढ्यापुरताच. पडदा बंद झाला की पुन्हा धाकधूक सुरू. माझ्यातली एखादी लादी कुणी काढली तर?

आणि एक दिवस तसेच झाले.

कंपनीत एक विक्रेता होता. ग्राहकाने काहीही मागितले की तो म्हणे, "आत्ता, लगेच!" त्यामुळे त्याचे नावच 'आत्तालगेच' पडले. माणूस वाईट नव्हता हो, पण पायाला भिंगरी. त्याच्याकडे एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. पहिली ते चौथीची शाळा. एक झोपाळा हवा होता. आत्तालगेचने मला उघडले, मी अठ्ठावीस लाद्यांसकट कोटेशन मांडले. मुख्याध्यापिकांनी मागणीच्या पानावर निरोपाच्या जागी लिहिले होते, 'पटांगण पूर्ण सिमेंटचे आहे.' ते वाचून मी मनात म्हटले, बाई, अगदी योग्य ठिकाणी आलात.

पण रक्कम बसेना. शाळेच्या समितीने ठराविक रक्कम मंजूर केली होती आणि माझी किंमत तिच्या वर जात होती. दुसऱ्या एका कंपनीने लाद्यांशिवाय स्वस्तात देऊ केले होते. समितीची बैठक त्याच दिवशी चार वाजता. दहा टक्क्यांपर्यंतची सूट आत्तालगेच स्वतः देऊ शकत होता. त्यापुढे विक्रीप्रमुखांची मंजुरी लागे, आणि ते सहजासहजी देत नसत. मग तो लाद्या काढायला निघाला. मी लाल अक्षरांत सांगितले, 'या संचातून लाद्या काढता येणार नाहीत.' त्याने पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा सांगितले. असे नऊ वेळा झाले. नवव्या वेळी तो माझ्यावर खेकसला, "अरे, तू काय माझा बाप लागून गेलास का?"

मग त्याला एक युक्ती सुचली. सॉफ्टवेअरमध्ये सुट्या भागांचे वेगळे पान आहे. साखळी तुटली तर झोपाळा बंद राहू नये, म्हणून सुट्या भागांवर पंचवीस टक्के सूट कुणालाही न विचारता देता येते. नियम चांगला आहे. पण आत्तालगेचने त्या पानावर जाऊन काय निवडले, ऐका: पाय चार, आडवा दांडा एक, साखळ्या चार, आसने दोन, नटबोल्टच्या पिशव्या दोन.

मित्रांनो, हा झोपाळा नव्हे तर काय! मला तो स्पष्ट दिसत होता. पण माझा नियम जागा व्हायला कुणीतरी 'झोपाळा' निवडावा लागतो. इथे झोपाळा कुणी निवडलाच नव्हता, सगळे सुटे भाग होते. मी ओरडू पाहत होतो आणि मला तोंड नव्हते. पडद्यावर हिरवी अक्षरे आली, 'मंजुरीची गरज नाही.' पावणेचारला कोटेशन गेले. दुसऱ्या दिवशी सही होऊन आले.

माल चार दिवसांनी जायचा होता. ते चार दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. कुणी त्या शाळेचे पान उघडले की मला वाटे, आता कुणीतरी विचारील की खाली काय आहे. पण हिशेबवाल्याने उघडले, पत्ता पाहिला, बंद केले. गोदामवाल्याने उघडले, वजन पाहिले, बंद केले. निरोपाच्या जागी 'पटांगण पूर्ण सिमेंटचे आहे' हे शब्द तसेच होते आणि कुणाची नजर तिथवर जात नव्हती. पहिलीतली मुले केवढीशी असतात! माझा जीव टांगणीला लागला होता.

चौथ्या दिवशी सकाळी फिटरमामा गाडीत चढवायच्या मालाची यादी हातात घेऊन थेट आत्तालगेचच्या टेबलापाशी आले.

"काय रे, ही शाळा आपली जुनी का?"

"नाही मामा, नवीन. का?"

"तिथे आपला झोपाळा आहे?"

"नाही."

"मग सुटे भाग कशाचे नेऊ मी?"

आत्तालगेच हसला. "मामा, समजून घ्या ना. जोडून द्या फक्त. झाला झोपाळा!"

"ते कळलं मला. लाद्या कुठायत?"

"लाद्या बसत नव्हत्या हो रकमेत. मॅडमना झोपाळा हवा होता, मी दिला. नाहीतर दुसऱ्या कंपनीनं दिला असताच की लाद्यांशिवाय."

"त्यांचं त्यांच्यापाशी. खाली काय आहे, माती?"

आत्तालगेचने पान उघडले. या खेपेला त्याची नजर निरोपाच्या ओळीवर गेली आणि त्याने पडदा मामांकडे वळवला.

मामांनी यादीची घडी केली. "मी जोडतो, माझं कामच आहे ते. पण पहिला झोका तू घ्यायचा. चांगला उंच. आणि वरून उडी मारायची. चल, बस गाडीत."

आत्तालगेच उठला नाही. मग त्याने मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले.

"मॅडम, त्या कोटेशनमध्ये लाद्या नाहीयेत."

"नाहीत? अहो, पहिल्या कागदात होत्या की! दुसऱ्यात इतकी सगळी नावं होती, मला वाटलं त्यातच कुठेतरी असतील. मी समितीला लाद्या आहेत म्हणून सांगितलंय."

"चूक माझी आहे, मॅडम."

"अहो, पण आता वरचा एक पैसाही मी मागू शकत नाही. रद्द करू का मग? मुलांना सांगून बसलेय मी." त्यांचा आवाज पडला होता.

"रद्द नका करू. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

त्याने सुट्या भागांचे कोटेशन मागे घेतले आणि पुन्हा मला उघडले. झोपाळा निवडला. मी क्षणाचाही विलंब न लावता अठ्ठावीस लाद्या मांडल्या! शाळेला परवडेल एवढी किंमत करायला सूट सत्तावीस टक्के द्यावी लागत होती. म्हणजे विक्रीप्रमुखांची मंजुरी घेणे आले. मंजुरी मागताना सूट देण्याचे कारण लिहावे लागते. त्या चौकटीत लोक बहुधा नुसता एक ठिपका देतात. फारच उत्साह असेल तर 'ग्राहकाचा आग्रह' असे लिहितात. आत्तालगेचने चार वेळा लिहिले, चार वेळा पुसले. शेवटी लिहिले: 'मी झोपाळा सुटे भाग म्हणून विकला. खाली सिमेंट आहे. लाद्या द्यायलाच हव्यात. चूक शाळेची नाही, माझी आहे.'

इतकी वर्षे झाली, त्या चौकटीत इतके खरे वाक्य मी कधी पाहिले नव्हते.

आता माझ्यावर पिवळी खूण होती, म्हणजे 'विचाराधीन'. अकरा वाजले, बारा वाजले. मामा गाडी थांबवून खाली बसले होते. आत्तालगेच चहा घ्यायलासुद्धा उठला नाही. मंजुरी नाकारली तर शाळा दुसऱ्या कंपनीकडे जाणार आणि लाद्यांशिवाय झोपाळा त्याच सिमेंटवर उभा राहणार, हे त्याला कळत होते आणि मलाही. सव्वाला विक्रीप्रमुख स्वतः चालत आले.

"एवढी सूट मी आजवर कुणाला दिलेली नाही."

"माहितीय सर."

"या महिन्याचं बक्षीस जाईल तुझं."

"राहू दे सर."

"राहू दे काय, गेलंच ते." ते पडद्याकडे वळले. "आणि ते सुट्या भागांचं भगदाड आधी बुजवून घ्या. तू एकटा थोडाच हुशार आहेस इथे?"

त्यांनी तिथेच वाकून मंजुरीचे बटण दाबले. माझी खूण हिरवी झाली. मामांची गाडी लाद्या चढवून तीनला निघाली.

दुसऱ्या दिवशी, तोवर दुसऱ्या विभागात गेलेल्या नियमबाई मुद्दाम आल्या. पाय, दांडा आणि आसने एकत्र निवडली की तो झोपाळाच समजावा आणि लाद्या जोडाव्यात, असा नियम त्यांनी घातला. तो त्यांनी माझ्यात लिहिलेला शेवटचा नियम. पुढे त्या निवृत्त झाल्या. नवे संच आले, त्यांच्याबरोबर फिरणारी चित्रे आली. माझ्या नावापुढे 'जुना' असा शिक्का बसला. टाळ्या त्यांच्या वाट्याला गेल्या. महिनोन्महिने मला कुणी उघडत नसे, आणि कुणाला सांगता येत नाही अशी एक हुरहूर मला खात होती. माझे जग कोटेशनपाशी संपते. त्या लाद्या खरेच घातल्या गेल्या का? मुलांनी त्यावर उड्या मारल्या का? मला कुणी सांगणार नव्हते. मला फार एकटे वाटे.

परवा सकाळी मला अचानक कुणीतरी उघडले. त्याच शाळेची मागणी होती, माझ्याच नावावर: सहा लाद्या, बदलून. आणि निरोपाच्या जागी मुख्याध्यापिकांचे शब्द: 'मुलांच्या उड्यांनी झिजल्या. नव्या येईपर्यंत झोपाळा बांधून ठेवला आहे. मुलं रोज विचारतात. लवकर पाठवा.'

झिजल्या, मित्रांनो! सहा लाद्या झिजायला किती उड्या लागतात, हे मोजायचा नियम माझ्यात नाही. मी दोनदा मोजून पाहिले, जमले नाही. पण तेवढ्या वेळा कुणीतरी वरून खाली आले, गुडघे झटकले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

तुमच्या पटांगणातल्या झोपाळ्याखाली एकदा वाकून पाहा. लादी उखडली असेल तर मोठ्यांच्या मागे लागा, ते कंटाळेपर्यंत लागा. आणि मोठे झाल्यावर कुठल्याही यादीतली एखादी ओळ तुम्हाला फालतू वाटली, तर ती खोडण्याआधी विचारा की ती कुणी घातली आणि का. विचारायला लाजू नका. मामा लाजले नाहीत.

आता मला जाऊ द्या. सहा लाद्यांना शाळेची सूट लावायची आहे, बाकीच्या दोघी आतापासूनच कुरकुरत आहेत, आणि तिकडे झोपाळा बांधून ठेवला आहे.