आमच्या स्वयंपाकघरातला नाताळ

कोरिन मॅकगॅरिटी टीव्हीसाठी नाताळचे प्रेमपट लिहिते हे आमच्या टॅनक्रिक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि त्यातली मोठी बहीण म्हणजे तिची स्वतःची बहीण व्हर्ना, हेही. सिनेमा कुठलाही घ्या, गोष्ट तीच. शहरात मोठ्या हुद्द्यावरची मुलगी नाइलाजाने नाताळला गावी येते. गावात चौकडीचा शर्ट घालणारा, बायको वारलेला, नाताळची झाडं विकून पोट भरणारा एक देखणा माणूस असतो. आधी दोघांचं पटत नाही, मग पटतं, मग एक गैरसमज होतो, मग बर्फ पडतो. आणि स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी, एक जाड आणि बडबडी मोठी बहीण असते. तिला स्वतःची गोष्ट नसते. धाकटीला दाराबाहेर ढकलून ती म्हणते, जा, तो वाट बघतोय.

व्हर्ना जाड नाही आणि बडबडी तर मुळीच नाही. गावच्या दवाखान्यात ती बाहेरच्या टेबलाशी बसून आलेल्यांची नावं लिहून घ्यायची, आणि तिच्या नजरेपुढे धडधाकट माणसंही आपला खोकला आवरायची. नवरा अल्बर्टात तेलाच्या विहिरींवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून ती आमच्या समोरच्या घरात, बापाच्या घरात राहते. तिची-माझी मैत्री इतकी जुनी की आम्ही एकमेकींच्या मागच्या दाराने आत येतो आणि किटली स्वतःच ठेवतो.

बाप, लॉर्न मॅकगॅरिटी, लाकडाच्या गिरणीत मुकादम होता. माणूस तोंडाचा फाटका. कोरिन एकोणिसाव्या वर्षी टोरांटोला निघाली तेव्हा तो व्हरांड्यात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता, की आता गेलीस तर पुन्हा या दारात उभी राहू नकोस. कोरिनने त्याचा शब्द अक्षरशः पाळला. पुढे म्हाताऱ्याला झटका आला, एक बाजू गेली, आणि चार हिवाळे व्हर्नाने त्याला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. कोरिनकडून लोकरीची शाल आली, चाकं लावलेला वॉकर आला, एकदा फुलंसुद्धा आली. ती स्वतः आली ती अंत्यविधीला, भाड्याच्या गाडीतून, आणि चर्चच्या तळघरात सँडविचची ताटं उघडायच्या आत निघून गेली. आमच्याकडे माणूस रडला नाही तर लोक समजून घेतात. सँडविचला थांबला नाही तर विसरत नाहीत.

मागच्या वर्षी जुलैमध्ये सिनेमाची कंपनी टॅनक्रिकमध्ये उतरली. हे सिनेमे उन्हाळ्यातच काढतात, नाहीतर डिसेंबरपर्यंत तयार कसे होणार? जागा ठरवणारी टेगन नावाची तरुण मुलगी व्हर्नाकडे आली. मोठी अदबीने बोलणारी पोर. म्हणाली, लेखिकेने जसं घर लिहिलंय तसंच तुमचं आहे, हिरवा व्हरांडासुद्धा. व्हर्नाने विचारलं, लेखिका कोण? मग लिहिलेलं वाचायला मागितलं, रात्रभर ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून परत दिलं.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. कॉफी तशीच निवत ठेवून तिने मला गोष्ट सांगितली. बापाला झटका येतो. शहरातली मुलगी सगळं सोडून धावत येते, उशाशी बसते. बाप तिला म्हणतो, मला तुझा अभिमान वाटतो.

"आणि मग तो उठून उभा राहतो, म्युरिएल," व्हर्ना म्हणाली. "नाताळच्या सकाळी. उभा राहून टर्की कापतो."

"आणि तू?"

"मी टर्की भाजते."

यानंतर मी जे केलं ते तिला आवडणार नाही हे मला माहीत होतं, तरी केलं. टेगन आमच्या दाराशी आली तेव्हा मी हो म्हटलं. एल्डनला, माझ्या नवऱ्याला, या सगळ्याची गंमत वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मला हे सिनेमे आवडतात. डिसेंबरात संध्याकाळी पाचला अंधार पडतो, तेव्हा कुणीतरी कुणालातरी माफ करतंय हे बघायला बरं वाटतं. मी रस्ता ओलांडून स्वतः व्हर्नाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि जाळीचं दार लावून घेतलं. त्यानंतर माझ्या किटलीला तिचा हात लागला नाही.

कंपनीने आमच्या घराचं मॅकगॅरिटींचं घर केलं. व्हरांड्याला हिरवा रंग दिला, भिंतीला साईचा. अंगणभर पांढरं कापड पसरलं, त्यावर कागदाचा चुरा आणि एका नळीतून साबणाचा फेस. उन्हाने डांबर मऊ पडलेलं आणि आमची गावची मंडळी लोकरीचे कोट, टोप्या, हातमोजे घालून रस्त्यावरून हसत हसत ये-जा करताहेत. न्हाव्याची बायको घेरी येऊन पडली, तिला उठवून पुन्हा चालायला लावलं. मी नाकं मुरडत नव्हते, मीसुद्धा कोट घालून दोनदा चालले.

पहिल्या दिवशी दिग्दर्शक "शांतता" म्हणून ओरडला आणि समोर व्हर्नाने गवत कापायचं यंत्र सुरू केलं.

ते पेट्रोलवर चालणारं जुनं धूड होतं, बापाच्या वेळचं. त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. सगळे थांबले. तिने दोन फेऱ्या मारल्या आणि बंद केलं. पुन्हा "शांतता", पुन्हा यंत्र. तिचं अंगण ते केवढं, पण तिने ते सकाळी कापलं, दुपारी कापलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कापलं. गवत संपून खाली माती दिसायला लागली तरी ती कापत होती. टेगन हात जोडल्यासारखी जाऊन उभी राहिली. दिग्दर्शक टोपी काढून गेला. फळांची मोठी परडी गेली, ती तशीच आमच्या पायरीवर परत आली. शेवटी पोलीस शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, दिवसाढवळ्या आपल्या अंगणात गवत कापू नये असा कायदा माझ्या माहितीत नाही. कापायला गवत उरलेलं नाही, हे मात्र त्याने मान्य केलं.

गावात दोन तट पडले. ज्यांच्या खानावळी भरून वाहत होत्या त्यांनी व्हर्नाचा उद्धार केला. ज्यांच्या दुकानाची वाट अडवून कंपनीचे ट्रक उभे होते ते तिला रस्त्यात थांबवून पेट्रोल हवं का विचारू लागले. ती दोघांशीही बोलली नाही.

मग टोरांटोहून कोरिन आली. लेखिका एरवी अशा ठिकाणी येत नाही म्हणे, पण ही वेळ तशी होती. मी आमच्या व्हरांड्यात होते. कोट घातलेली माणसं, दिवे धरणारे, नायक, सगळे वळून बघत होते. कोरिन रस्ता ओलांडून बहिणीच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली. वाऱ्याने आमच्या अंगणातला फेस उडून तिथपर्यंत गेला होता. व्हर्नाने यंत्र बंद केलं नाही. कोरिनने वाकून ते स्वतःच बंद केलं.

"पुरे झालं, व्हर्ना."

"गवत वाढलंय."

"तू सव्वाशे माणसांचं काम अडवून बसलीयेस. माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ."

"तू सापडशील तेव्हा ना."

कोरिनचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली की लोकांना हे सिनेमे लागतात. दवाखान्यातून बायका तिला पत्रं लिहितात, एकटी माणसं लिहितात. यात हसण्यासारखं काय आहे?

"मी हसत नाहीये," व्हर्ना म्हणाली. "तू दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या पोरीला घरी आणतेस. तुला मात्र चार हिवाळ्यांत चार तासांचा रस्ता सापडला नाही."

"त्यांनी मला दारात उभं राहू नकोस म्हणून सांगितलं होतं. तू तिथेच होतीस."

"तुला एकदा सांगितलं. मला रोज सांगायचे, चालती हो. पाण्याचा पेला फेकून मारायचे. मी गेले नाही."

नायकाने खाली मान घातली. मग कोरिन अगदी हळू आवाजात बोलली, पण यंत्र बंद असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"शेवटी माझ्याबद्दल विचारलं का त्यांनी?"

व्हर्नाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"डिगरबद्दल विचारायचे. डिगर आला का, दार उघड, तो बाहेर कुडकुडतोय."

डिगर म्हणजे त्यांचा कुत्रा. दोघी शाळेत असताना गिरणीच्या ट्रकखाली सापडून मेलेला.

कोरिन वळून परत आमच्या बाजूला आली. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून यंत्र वाजलं नाही. लोक म्हणाले, व्हर्ना जिंकली. कंपनीची माणसं म्हणाली, सुटलो.

तीन-चार दिवसांनी व्हर्ना माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसली. मी दोन कप आणले. तिच्या तळहातांना फोड आले होते, ते ती अंगठ्याने दाबत होती.

"मी तिला अर्धंच सांगितलं," ती म्हणाली.

मी माझा कप खाली ठेवला.

"डिगरचं विचारायचे ते खरंच. पण लगेच पुढे विचारायचे, आणि छोटी? छोटी आली का? शेवटच्या आठवड्यात तर दर तासाला. मी सांगायचे, निघालीय, वाटेवर आहे. मग झोपायचे."

"मग तिला बोलावलं का नाहीस?"

"बोलावलं होतं. सांगितलं, आता दिवस थोडे आहेत. ती म्हणाली, काम चालू आहे, बघते." व्हर्ना कपात बघत राहिली. "ते विचारताहेत हे मात्र मी फोनवर सांगितलं नाही. चार वर्षं माझं नाव त्यांच्या तोंडून शिवीसारखं निघायचं. वाटलं, एवढं एक माझ्याकडे राहू दे."

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. ती म्हणाली की आज सांगून टाकते. नाहीतर हे मलाच खात राहील. कोरिन कुठाय?

कोरिन आमच्या स्वयंपाकघरात होती, शेवटचा प्रसंग चालला होता. आम्ही मागच्या दाराने हळूच आत शिरलो आणि दिव्यांच्या तारांमागे उभ्या राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी शिडीवरून कागदाचा बर्फ चाळत होतं. माझ्या चुलीशेजारी खुर्चीत, गुडघ्यावर शाल घेतलेला, एक म्हातारा नट बसला होता. अर्धं तोंड त्याने छान वाकडं केलं होतं. त्याने दाराकडे पाहिलं आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "डिगर आला का? दार उघडा."

दार उघडलं. गळ्यात लाल फीत बांधलेला, सोनेरी केसांचा, नुकताच न्हाऊ घातलेला एक लठ्ठ कुत्रा दुडक्या चालीने आत आला आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याच्यामागे हातात पेटी घेतलेली नायिका होती. म्हातारा तिच्याकडे बघून म्हणाला, मला ठाऊक होतं, तो तुला घेऊन येईल.

दिवे धरणाऱ्या माणसाने नाक पुसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आणि कोरिन, पडद्यामागे स्टुलावर बसलेली, अगदी खरं रडत होती. खांदे हलत होते तिचे. प्रसंग संपल्यावर तिने वळून पाहिलं, तर आम्ही. व्हर्नाला बघून तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. ती उठून आली, बहिणीचा हात धरला.

"तू सांगितलंस म्हणून झालं हे," ती म्हणाली. "सगळा शेवट बदलला मी. चांगला झालाय ना?"

व्हर्नाने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"डिगर काळा होता," ती म्हणाली. हात सोडवून घेतला आणि आल्या वाटेने निघून गेली.

सिनेमा डिसेंबरात लागला. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून सगळ्या गावाने एकत्र बघितला. माझं स्वयंपाकघर दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि कुत्रा आत आला तेव्हा एल्डनसकट सगळा हॉल मुसमुसत होता. व्हर्ना आली नाही. आम्ही घरी परतलो तेव्हा ती तिच्या दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होती. खरा बर्फ, ओला आणि जड.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मला कोरिनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, त्या दिवशी व्हर्ना मला काहीतरी सांगायला आली होती का? तिच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. फोन ठेवला आणि कोट चढवून समोर गेले. व्हर्नाला सांगितलं, ती विचारत होती. आणि हेही म्हटलं, की तू सांगणार नसशील तर मी सांगते. तिचा बाप होता तो. तिला कळायला हवं.

व्हर्ना ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"सांग की," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या सिनेमात येईल."

मी दुसरी सुरी घेतली. उरलेले बटाटे आम्ही दोघींनी मिळून सोलले. कोरिनचे फोन अजून येतात, आणि मी तिच्याशी थंडीबद्दल बोलते.