सहा कोरी पानं

प्रकल्प मुलांचा आणि तारांबळ आईची, हे आता घरोघरचंच झालं आहे. मांडवीतल्या मृणालीकडेही त्या दुपारी तेच चाललं होतं.

शाळेत राजश्रीबाईंनी चौथीच्या मुलांना महिनाभराचा प्रकल्प दिला होता. प्रत्येकाने एक नेम धरायचा, रोज पाळायचा आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. मृणालीच्या सानवीचा नेम होता, दृष्टी गेलेल्या शेजारच्या यमुनाबाईंना संध्याकाळी हात धरून देवळात न्यायचं. तेवीस दिवस तिने नेलंही. मग मुंबईहून आत्येबहीण आली, समुद्रावर खेळ रंगला आणि सहा पानं कोरी राहिली. वही उद्या द्यायची होती.

"लिही, 'आजींना देवळात नेले.' पेनं बदलून लिही, म्हणजे खरं वाटेल," मृणाली म्हणाली.

"पण आई, नेलं कुठे?"

"अगो, मार्क जातील! देवाचंच लिहितेयस ना? त्यात कसलं पाप?"

तेवढ्यात देवळातले कीर्तनकार हरिश्चंद्रबुवा दारात आले.

"यमुनाबाईंकडून येतोय. सप्ताहाचे सहा दिवस गेले, त्या दिसल्या नाहीत. माझ्या कीर्तनात डुलक्या काढणारे पुष्कळ, जागं राहून ऐकणाऱ्या त्या एकट्या!"

"आजारी आहेत का?" मृणालीने विचारलं.

"छे! रोज टाळ घेऊन पडवीत बसतात. म्हटलं, दुसऱ्या कुणाबरोबर यायचं. तर म्हणतात, 'मी गेले आणि मागून पोर आली, तर तिचा नेम मोडेल हो!'"

सानवीने हातातलं पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले.

बुवांनी वहीतली कोरी पानं आणि शेजारी मांडलेली वेगवेगळी पेनं पाहिली आणि सारं ओळखलं. "मृणाली, कीर्तनात मीही कधी पद विसरतो. थांबतो, हात जोडतो, पुढे जातो. लोक रागावत नाहीत. मोडलेला नेम देव पुन्हा धरू देतो गो! पण खोट्याने भरलेला नेम पुन्हा कसा धरणार?"

मृणालीची मान खाली गेली. "सानू, राहू देत ती पानं कोरी," ती म्हणाली.

सानवीने पुढच्या पानावर लिहिलं, 'सहा दिवस मी गेले नाही. आजी वाट बघत होत्या.'

संध्याकाळी ती पडवीत गेली.

"आलीस गो बाय?" यमुनाबाईंनी चाचपून तिचा हात धरला. "आणि हा दुसरा हात कुणाचा?"

"माझा, काकू," मृणाली म्हणाली. "आजपासून माझाही नेम."

वाचकहो, मुलांच्या वहीत धर्म लिहून घेणं सोपं आहे. पण मुलं आपण सांगितलेलं लिहितात आणि आपण केलेलं शिकतात!